एमजीबी घ्यावी की नाही

आज इथे इंग्लंडात एक १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघून आलो. क्रोमचे बंपर, तारांची चाकं, १७९८ सीसीचं इंजिन पहिल्याच स्टार्टरला सुरू. मी तिथेच पाघळलो. मग खिशातलं लोहचुंबक काढून दाराखालच्या सिलला, म्हणजे तिथल्या पत्र्याच्या पट्टीला, लावलं, तर ते घसरून खाली! वर रंग, आत नुसती पुट्टी. या गाडीला वेगळी चासी नसते, भार या सिलवरच. जॅक लावला तर गाडीच वाकून दार अडकायला लागलं.

इंजिनाची काळजी नाही. एसयू कार्ब्युरेटरपासून वॉशरपर्यंत सगळं अजून मिळतं. पैसा खातो तो गंज. चाळीस वर्षांपुढच्या अशा गाडीला इथे रोड टॅक्स नाही, दरवर्षीच्या एमओटी तपासणीची सक्तीही नाही, हे मालक कौतुकाने सांगत होते. मला त्याचीच धास्ती. खालून कोणी शेवटचं कधी पाहिलंय देव जाणे.

बायको म्हणते, "आधी घराच्या छताची गळती बघ." तिचंही खरंच आहे म्हणा. तरी वेल्डिंगवाल्याला फोन केलाय. दोन्ही सिलचा खर्च कळला की तेवढे किमतीतून वजा करून सांगणार. मानले तर घेतो, नाहीतर राम राम. १९७४ नंतरची रबरी बंपरवाली स्वस्तात मिळेल, पण ती फुकट दिली तरी नको. भांडा खुशाल.