गंजभर टमाटर, बाटलीभर सॉस

नागपुरात थंडीचं सगळं कौतुक संत्र्याच्या वाट्याला. पुण्याला परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत संत्री, डब्यात संत्रा बर्फी. त्याच दिवसांत कॉटन मार्केटात टमाटरही लालबुंद होऊन ढिगानं पडलेलं असतं, पण ते कोणी कोणाला भेट म्हणून नेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पावसाळ्यात हेच टमाटर भल्याभल्यांना घाम फोडतं. २०२३च्या जुलैत त्यानं किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा वरणात अर्धं टाकावं की चिंचेवर भागवावं, अशी खलबतं घरोघरी झाली. आणि जानेवारीत? संध्याकाळी ठेला आवरताना भाजीवाला स्वतःच म्हणतो, "घेऊन जा ना जी ताई, उद्या कोन विचारते याले?"

सॉस करायचा तो अशा वेळी. एरवी करणाऱ्याच्या हिशेबात काहीतरी गडबड आहे, असं माझं स्पष्ट मत.

तसं पाहिलं तर नागपूरकराला सॉस लागतो कशाला? पोह्यांवर तर्री आहे, समोशासोबत तळलेली हिरवी मिरची आहे. सॉस लागतो तो पोरांना, पराठ्याला आणि नूडल्सला. तरी दर थंडीत आमच्या घरी मोठा गंज, म्हणजे पातेलं, माळ्यावरून खाली येतो. सासूबाई पदर खोचतात आणि पुरणयंत्र धुऊन पुसून ओट्यावर बसतं. होळी लांब असताना पुरणयंत्र निघालं की शेजारच्या काकूंना कळतं, आज टमाटर आलं.

टमाटरात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच. म्हणजे आपण पैसे मोजून पाणी आणतो आणि गॅस जाळून ते उडवतो. पाच किलो टमाटरांतून सॉस निघतो जेमतेम दीड किलो, त्यातही साखर, मीठ, कांदा यांचा हातभार. गावरान टमाटर चपटं, आंबट, रसाळ. चवीला तेच खरं, पण आटवता आटवता हात दुखून येतो. हायब्रिडचं साल जाड, गर भरपूर, चव बेताची. आम्ही दोन्ही मिसळतो. भांडं मात्र स्टीलचंच. लोखंडाच्या कढईत आंबट शिजवलं की रंग काळवंडतो.

टमाटर चिरलं की लगेच गॅसवर चढवायचं. चिरून परात भरून ठेवली आणि गप्पा मारत बसलं, की सॉस पुढे पाणी सोडतो. कारण साधं आहे. चिरल्याबरोबर टमाटरातली एन्झाइम्स मोकळी होतात आणि दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात. चटकन कडक उष्णता दिली की त्यांचा कारभार बंद. सासूबाईंना पेक्टिन ठाऊक नाही. "चिरलं की चढव, बसवून ठेवू नको," एवढंच त्या म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ एकच.

मऊ झालं की पुरणयंत्रातून फिरवायचं. साल आणि बिया वर राहतात, खाली गुळगुळीत लाल रस पडतो. आता मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची: कांदा, लसूण, आलं, दालचिनी, वेलदोडा, लवंग. लवंगेचं डोकं खुडून टाकायचं, हे आमच्याकडे फार कसोशीनं पाळतात. मला आधी ही निव्वळ रीत वाटायची. नंतर वाचनात आलं, की लवंगेच्या डोक्यातलं टॅनिन लोहाशी आणि बाटलीच्या तोंडाशी राहिलेल्या हवेशी जमलं, की सॉसच्या गळ्याशी काळं कडं धरतं. साखर थोडी सुरुवातीला, बाकीची नंतर. मीठ शेवटी. व्हिनेगर तर अगदी उतरवताना, नाहीतर त्याचा आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो आणि घरभर सगळे खोकत बसतात.

यानंतरचं काम नुसतं ढवळत राहण्याचं. लाकडी डाव गंजात उभा धरून रस कुठवर आला तिथे पेन्सिलीची खूण करायची आणि तिसऱ्या हिश्शावर दुसरी. रस खालच्या खुणेवर आला की सॉस होत आला. शेवटी शेवटी तो रटरटतो आणि थेंब थेट मनगटावर येतात. मग बशीची परीक्षा. थंड बशीत थेंब टाकायचा आणि बघत राहायचं. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून कच्चा. यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतात. सासूबाईंना कडं दिसतं, मला दिसत नाही. सासरे चष्मा लावून येतात, थेंब चाटून जातात आणि निकाल राखून ठेवतात.

बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, गरम असतानाच लाकडी पाटावर मांडायच्या आणि त्यात गरम सॉस भरायचा. थंड ओट्यावर ठेवली की काच तडकते. टिकवण्यासाठीचं सोडियम बेन्झोएट आम्ही घालत नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायचा. वर्षभर पुरवायचा असेल तर दुकान आहेच.

पोरांचं म्हणणं, हा विकतच्यासारखा लागत नाही. खरंच लागत नाही. विकतचा दर वेळी सारखा असतो, हा एका बाटलीत लसणाकडे झुकतो आणि दुसऱ्या बाटलीत आल्याकडे. माझ्या मते हाच त्याचा गुण. पोरांना हे पटवायच्या भानगडीत मी पडत नाही.

पुरणयंत्रात वर राहिलेला सालींचा आणि बियांचा चोथा सासूबाई कोणाला टाकू देत नाहीत. बाटल्या निवत असताना त्या कढल्यात तेल तापवतात, जिरं, ठेचलेला लसूण, लाल तिखट, मग चोथा, वरून शेंगदाण्याचा कूट आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तोवर ज्वारीची भाकरी तव्यावर चढलेली असते. दुपारभर स्वयंपाकघराकडे न फिरकलेली मंडळी ताट घेऊन आपसूक हजर होतात. सॉसची चव कशी झाली हे त्या रात्री कोणीच विचारत नाही. चटणी आणखी आहे का, एवढंच विचारतात, आणि ती संपलेली असते.