फोटो वाचायला शिकताना : ऑनलाइन कोर्सचा माझा अनुभव

कोर्स न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा, ‘सीइंग थ्रू फोटोग्राफ्स’, कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर. कॅमेरा कसा धरावा, एक्सपोजर किती द्यावं, यातलं काहीही इथे शिकवत नाहीत. समोर आलेला फोटो कसा पाहायचा, एवढाच विषय. मी केला तेव्हा सहा भाग होते आणि प्रत्येकात व्हिडिओ, थोडं वाचन आणि शेवटी प्रश्नमंजूषा. फी परवडत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, पण उत्तर यायला सुमारे दोन आठवडे धरून चाला.

सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे व्हिडिओ दीडपट वेगाने उरकायचे. प्रश्नमंजूषा सुटते, कारण प्रश्न व्हिडिओत काय सांगितलं यावरच असतात, पण नजर होती तिथेच राहते. दुसरी चूक मोबाइलवर पाहण्याची. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर फोटोच्या कडा दिसतात खऱ्या, पण त्या कोणी बघत नाही. आणि अर्धी माहिती कडांवरच असते.

मग मी क्रम बदलला. आधी फोटो, मग त्याखालची माहितीची ओळ (कॅप्शन), सगळ्यात शेवटी व्हिडिओ. फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडायचा, खालची ओळ कागदाने झाकायची, दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि फक्त नामं लिहायची : हात, दोरी, बाही, सावली. विशेषणं बंद. ‘करुण’, ‘बोलका’ असले शब्द आले की बघणं थांबलंच म्हणून समजा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सगळं संपल्यासारखं वाटतं. तिथे उठू नका, खरी यादी त्यानंतरच सुरू होते. नंतर तीनच प्रश्न : कॅमेरा किती उंचीवर होता, उजेड कुठून येतोय, चौकटीने काय कापलंय?

सरावाला अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो घ्या. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी. आईचा उजवा हात गालाशी, दोन मुलं तोंड फिरवून तिच्या खांद्यांना टेकलेली, मांडीवर तान्हं. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून नजर आईच्याच चेहऱ्यावर परत येते. आता लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या साइटवर त्याच दिवशीचे इतर फोटो शोधा. ते मोफत उतरवता येतात. छोटी जेपीईजी नको, बारीक तपशील जपणारी मोठी टिफ फाइल घ्या. त्यांत अख्खा तंबू आहे, पेटी आहे, तिच्यावर ताटली आहे. लँग जवळजवळ सरकत गेली आणि एकेक वस्तू चौकटीबाहेर टाकत गेली, हे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की कोणी सांगावं लागत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा शोधा. तो नंतर निगेटिव्हवर रीटच करून पुसला, तरी त्याचा पुसट डाग उरला. साइटवर दोन्ही रूपं आहेत.

फोटोसोबतच्या मजकुरावरही डोळे मिटून विश्वास नको. या कुटुंबाने गाडीचे टायर विकून खाणं आणलं, असं लँगने पुढे लिहिलं, पण कुटुंबाने ते नाकारलं. त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं ते 1978मध्ये.

याच संग्रहात काही फोटोंच्या मधोमध काळा गोल दिसेल. फाइल बिघडलेली नाही. लँगसारख्या छायाचित्रकारांकडून हे सरकारी काम करून घेणारा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडायचा. कुठला फोटो नाकारला आणि का, याचा अंदाज बांधणं हा माझ्या मते कोर्समधल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा सरस सराव आहे.

कोर्समध्ये भारत जवळजवळ नाहीच, तेव्हा तो भाग घरच्या अल्बमवर करावा. स्टुडिओत काढलेला जुना फोटो घ्या. रंगवलेला पडदा जमिनीला टेकतो तिथली रेघ पाहा, मग खुर्ची आणि फुलदाणी घरची की स्टुडिओची ते ठरवा. उजेडाची दिशा डोळ्यांतल्या चकाकीवरून कळते. लाल कुंकू काळंभोर आणि निळं लुगडं फिकट दिसत असेल, तर ती प्लेट किंवा फिल्म लाल रंग न ओळखणारी आणि निळा जास्त टिपणारी होती. तेव्हा अशा फोटोवरून ‘लुगडं पांढरं होतं’ असं ठोकून देऊ नका. त्याआधीच्या ओल्या कोलोडियन प्लेटवर (रसायन लावलेली काच, ओली असतानाच वापरायची) निळं आकाश कोरं पांढरं उतरायचं, त्याचंही कारण हेच : प्लेटला निळा उजेड फार लवकर लागायचा.

शेवटी मागची बाजू : शिक्का, तारीख, अक्षर. फोटो काळ्या पानावर चिकटवलेल्या कागदी कोपऱ्यांत नुसता बसवलेला असेल तरच काढा. डिंकाने चिकटवलेला ओढला तर मागचा थर पानालाच राहतो, आणि शिक्का असतो तो नेमका त्याच थरावर.