डेरीची टेलर मिल: चालू असेल त्याच दिवशी गाठा

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डेरी गावाचं बॅलार्ड स्टेट फॉरेस्ट अवघं 71 एकरांचं. मोठं रान बघायचं असेल तर उत्तरेला व्हाइट माउंटन्स आहेतच; इथे यायचं ते टेलर मिलसाठी. रॉबर्ट टेलरची ही पाण्यावर चालणारी सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, 1805 च्या सुमाराची. अर्नेस्ट बॅलार्ड यांनी 1939 मध्ये ही जागा घेतली, मिल पुन्हा चालती केली आणि 1953 मध्ये जंगलासकट राज्याला देऊन टाकली. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

मिल उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच चालवून दाखवतात, तेव्हा राज्याच्या वनविभागाकडे तारीख विचारूनच निघा. बोस्टनहून आय-93 महामार्गाने साधारण तासाभराचा रस्ता. आम्ही पोचलो तेव्हा ओंडका चढवून ठेवलेला होता. तळ्यातलं पाणी चाकावर सोडलं, आणि आधी पायाखालच्या फळ्या थरथरल्या, मग करवत हलली. गोल पातं नाही. लाकडी चौकटीत ताणून बसवलेली उभी करवत, वर-खाली होणारी. दर खेपेला दातेरी चाक ओंडक्याचा गाडा जरासा पुढे ढकलतं. काम संथ, पण तिथून हलावंसं वाटत नाही.

कापलेली फळी जवळून बघा. करवतीच्या खुणा सरळ, एकमेकींना समांतर दिसतात. गोल करवतीच्या खुणा कमानदार उमटतात. जुन्या घरांच्या लाकडाचा काळ ताडताना जाणकार याच खुणा बघतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग ती स्वतःच शोधायला लागतात.

तळ्याकाठची पायवाट सोपी आहे, पण मुळांवर पाय अडखळतो, चपला नकोत. गोचिडांचं मात्र मनावर घ्या. या भागात त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. पूर्ण पँट, मोजे त्यावर ओढलेले, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्याही असतात. पाणी आणि डबा सोबत घ्या, कचरा परत आणा. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी कपडे घाला.

हाताशी वेळ असेल तर कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांचं शेतघर डेरीतच, रूट 28 वर आहे. 1900 पासून काही वर्षं ते तिथे राहत. आधी मिल करा, घर दुपारी.