तीस अक्षरांचा एरर आणि खानापूरचे काका

दिवाळीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमाराला बेळगावजवळच्या खानापूरहून फोन आला, हार्डवेअरचं दुकान आहे त्या काकांचं, माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर तीन वर्षं वापरतायत. मी दुपारीच सगळ्यांना अपडेट पाठवलेलं. "अरे, काय की आलंय बघ हितं, प्रोग्राम उघडंना झालाय. वाचून दाखवू काय?" म्हटलं दाखवा. काका एकेक अक्षर सांगायला लागले, जी, ई, टी, एस, वाय, एस... मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला अर्धा किलो खिळे तोलून दिले, परत पहिल्यापासून जी, ई, टी. अख्खा शब्द होता गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम, इंग्लिशमधली तीस अक्षरं, आणि पुढं ते कर्नल३२ डीएलएल या विंडोजच्या आतल्या फाइलमध्ये सापडलं नाही असं. एवढं सगळं वाचून झाल्यावर काकांनी विचारलं, "बिलं गेली काय रे सगळी?"

बिलं कुठंच गेली नव्हती. झालं होतं एवढंच की त्या लांब नावाचं फंक्शन, म्हणजे विंडोजकडून नेमकी वेळ विचारून घ्यायची सोय, विंडोज ८ पासून आलंय आणि काकांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७. मी यावेळी नवीन कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतो तो) वापरला, त्यानं ते फंक्शन आपोआप आत ओढून घेतलं, माझ्याकडं विंडोज ११, तिथं चाललं म्हणून पाठवून दिलं. रात्रीच जुनं व्हर्जन परत बसवून दिलं. पण त्या मधल्या दोन तासांत काका दुकानात एकटे बसून पाडव्याला नवीन हिशोब कसा सुरू करायचा या काळजीत होते, आणि ती काळजी माझ्यामुळं, याचं मला फार वाईट वाटलं.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मला पाठ आहे, त्यांनी का पाठ करावं? निपाणीपासून इकडं शहापूर-वडगावपर्यंत माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांकडं अजून तेच आहे, चालतंय तोवर कोण बदलणार, आणि यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

मग मी इन्स्टॉलरमध्ये चेक टाकला, जुनं विंडोज असेल तर एकही फाइल कॉपी व्हायच्या आधी थांबायचं. मेसेज लिहिला, विंडोज व्हर्जन ६.२ किंवा पुढचं लागेल. दुसऱ्या दिवशी लगेच एकाचा फोन, माझं तर ७ आहे, ६.२ च्या पुढचंच की, मग का घेईना? बरोबर आहे त्याचं! विंडोज ७ चा आतला नंबर ६.१ आहे आणि विंडोज ८ चा ६.२, हे प्रोग्रामरला माहीत, बाहेर कुणाला? माणसाच्या कॉम्प्युटरवर जे नाव लिहिलंय तेच नाव मेसेजमध्ये पाहिजे.

आता असं येतं: "हे नवीन अपडेट विंडोज १० आणि ११ वरच चालतं. तुमच्याकडं विंडोज ७ आहे. काहीही बदललेलं नाही, जुना प्रोग्राम आणि सगळी बिलं जशीच्या तशी आहेत. तोच वापरत राहा. नंबर १०१." बिलांचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, कारण दुकानदाराची पहिली भीती तीच असते. अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं, म्हणून चेक सगळ्यात आधी पाहिजे.

मेसेजच्या शेवटी १०१ सारखा जो नंबर असतो त्याचं महत्त्व आपल्या भागात तर फारच, फोनवर तेवढाच सांगितला तरी कुठला मेसेज ते मला कळतं. मालक मराठी, कामावरचा पोरगा कन्नड वाचतो, स्क्रीनवर इंग्लिश, आणि फोनवर मी. अक्षरं सांगता सांगता चुकतात, तीन आकडे कुठल्याही भाषेत नीट सांगता येतात. तसंच मराठी मेसेजात मी आधी त्रुटी, संचिका असले शब्द टाकलेले, एका गिऱ्हाइकानं विचारलं संचिका म्हणजे कोण, तेव्हा सगळे काढून एरर आणि फाइल केलं. बेळगावात ज्याला आपण प्रिंटर म्हणतो त्याला स्क्रीनवर पण प्रिंटरच म्हणू दे की.

आणि काय लागतं ते डाउनलोडच्या बटणाच्या वर लिहायचं, खाली बारीक अक्षरात नाही. जांबोटीकडं पावसात नेट कसं चालतं ते तिकडच्यांना विचारा, तीनशे एमबी उतरवून झाल्यावर चालणार नाही कळलं तर काय वाटत असेल. विंडोज बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट अशा दोन प्रकारांत असतं, पण नुसतं चौसष्ट बिट विंडोज १० लिहूनही भागत नाही, स्वतःकडं काय आहे ते बघायचं कसं तेही सांगावं लागतं. मी लिहिलंय, विंडोजचं बटण धरून आर दाबा, डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करा, एंटर मारा, जो चौकोन येईल त्याचा फोटो मला पाठवा. विंडोज कुठलं ते त्यात कळतं, बिटचं मात्र दिसत नाही, त्यासाठी धिस पीसीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सिस्टम टाइप बघायला लागतं, त्याचा फोटो काढून पानावर टाकलाय, बाण काढून.

अजून प्रिंटरचे मेसेज राहिलेत. "डिव्हाइस नॉट रेडी" च्या जागी "प्रिंटर चालू आहे का, कागद आहे का, वायर नीट बसलीय का बघा" एवढं झालंय, कन्नडमधलं वडगावचा मित्र बघून देतोय, रविवारपर्यंत देतो म्हणालाय. ते आलं की काकांच्या दुकानात जाऊन त्या पोराला वाचायला लावणार, तो जिथं अडखळेल तिथं वाक्य परत लिहिणार.