परात, चेंडू आणि मिरी

१२ जून २०२५, गुरुवार

मिरीला घरी येऊन आज पाच दिवस झाले. रविवारी पहाटे पाऊस जरा उघडला, तेव्हा मागच्या दारच्या लाकडांच्या खोपीतून बारीक आवाज यायला लागला. जाऊन बघितलं तर ओल्या गोणपाटावर मांजराचं मुठीएवढं काळं पिल्लू. चारही पंजे तेवढे पांढरे. दिवसभर वाट पाहिली, पण आई काही आली नाही. संध्याकाळी लेकीने तिला ओढणीत गुंडाळून घरात आणलं आणि नावही तिनेच ठेवलं.

डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, साधारण पाच आठवड्यांची आहे. वजन ४५० ग्रॅम. अंगावर पिसवा इतक्या की फुंकर मारली तरी केसांतून पळताना दिसाव्यात. एवढ्या लहान जिवाचं रक्त पिसवा खरोखरच संपवू शकतात, म्हणून त्यांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. गुलाबी होत्या, हुश्श झालं. मानेवर टाकायचं औषध आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय द्यायचं नाही. आंघोळही नको, कारण या वयात अंगातली ऊब टिकत नाही. तोवर बारीक दातांची फणी कोमट पाण्यात बुडवून फिरवायची आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

फणी ओली आहे हे अंगाला कळलं की मिरी जमिनीला चिकटते. कान मागे, डोळे मोठे, आणि सरळ माझ्या पदराखाली. ओरडतही नाही. तिचं ते गप्प बसणंच मला बघवत नाही.

१५ जून, रविवार

आज बसून लिहायचंच असं ठरवलं होतं.

आम्ही चिपळूणचे. आमच्याकडे पाण्याबद्दल बोलताना २२ जुलै २०२१ टाळून बोलता येत नाही. त्या दिवशी पहाटे वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं. तेव्हा आमच्याकडे सोनी मांजर होती, सहा वर्षांची. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर जायला निघालो. ह्यांनी सोनीला माळ्यावरून उतरवून टोपलीत घातलं. टोपलीत पाणी आलं, तिचे पाय भिजले आणि ती जी उसळली, ती ह्यांच्या हाताला ओरबाडून कपाटावर, तिथून खिडकीच्या गजांतून बाहेर कौलांवर. ती पुन्हा दिसली नाही.

त्या दिवशी कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हे मला कळतं. पण सोनीला मी सहा वर्षांत पाण्याची एकदाही ओळख करून दिली नव्हती. वर्षातून एकदा नळाखाली धरून धुतली असेल तेवढीच, तीही दोघांनी धरून. पाणी म्हणजे कुणीतरी आपल्याला दाबून धरणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

मिरीला तसं होऊ द्यायचं नाही. तिला पोहायला शिकवायचं नाही की दर आठवड्याला आंघोळ घालायची नाही, मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतंच. मला एवढंच हवंय की पाय भिजले म्हणून तिने माझ्या हातातून उडी मारू नये. डॉक्टर म्हणाले, दोन ते सात आठवड्यांच्या काळात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ज्याच्याशी खेळतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. म्हणजे माझ्याकडे फार दिवस नाहीत.

१९ जून, गुरुवार

सुरुवात कोरडी केली. पुराच्या गाळातून निघालेली एक पितळी परात आहे, काठाला पोचा गेलेला. पीठ मळायला ती पुन्हा घेतली नाही, टाकवतही नव्हती. ती पडवीत मांडली आणि तिच्यात टेबलटेनिसचा चेंडू सोडला.

चेंडू परातीत गोल फिरतो आणि टणटण वाजतो. पहिल्या दिवशी मिरी फक्त बघत राहिली. दुसऱ्या दिवशी काठावर पुढचे दोन पंजे. आज दुपारी दबा धरून, मागचा भाग डुलवून, थेट परातीत उडी! चेंडू काठावरून सुटला तशी तीही त्याच्यामागे. मग आपणच परत आली.

एक नियम मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलाय. तिला उचलून परातीत ठेवायचं नाही. ती येईल तेव्हा येईल, जाईल तेव्हा जाईल.

आई म्हणाल्या, "अगं, मांजर आणि पाणी कधी जमलंय का?" मी म्हटलं, "बघू या ना आई, जमलं तर जमलं." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी झोपायच्या ऐवजी पडवीतच बसून होत्या.

२३ जून, सोमवार

आज पाणी. चार चमचे, हाताच्या मनगटावर थेंब टाकून ऊब बघितलेलं. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ३८ ते ३९ अंश, त्यामुळे आपल्याला ठीक वाटणारं पाणीही तिला गार लागतं. परात किंचित तिरकी ठेवली, म्हणजे एका बाजूला ओलं आणि एका बाजूला कोरडं.

चेंडू ओल्या बाजूला गेला. मिरी धावली आणि उजवा पंजा पाण्यात पडला. तिने तो वर उचलला, चटका बसल्यासारखा झटकला, एकदा, दोनदा, तीनदा. थेंब तिच्याच मिशीवर उडाले. मग ती खाली बसली, बोटं फाकून प्रत्येक बोटाच्या मधली जागा चाटली. मी श्वास रोखून बसले होते. चाटून झाल्यावर तिने पाण्याकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं आणि तोच पंजा पुन्हा हळूच पुढे केला, नुसतं टोक. पाण्यावर वर्तुळ उमटलं. ते काठापर्यंत जाईस्तोवर मान लांब करून ती बघत राहिली.

तेवढ्यावर मी थांबवलं. तिला आणखी खेळायचं असतानाच परात उचलली आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा दिला. कंटाळा येईपर्यंत ताणलं तर शेवट कंटाळ्याचा लक्षात राहतो, हे मला लेकीला अभ्यासाला बसवताना कळलेलं आहे.

२८ जून, शनिवार

सगळं मागे गेलं. भाचा आला होता, सात वर्षांचा. त्याला तिची मजा बघायची होती. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्याने तिला उचलून परातीत ठेवलं आणि वरून ओंजळीने पाणी सोडलं. मिरी शेपूट फुलवून कपाटामागे गेली, ती रात्री नऊपर्यंत बाहेर आली नाही. भाचा बिचारा रडवेला झाला. त्याला जवळ घेतलं, कारण त्याने मुद्दाम त्रास दिला नव्हता. लहान मुलाला पाणी आवडतं, मग तिलाही आवडेल असंच त्याला वाटणार.

चूक माझी. परात भरलेली सोडून मी आत जायलाच नको होतं. इतक्या लहान पिल्लाजवळ भरलेली बादली किंवा टब तर एक मिनिटही सोडू नये, काठावरून आत पडलं तर त्याला वर चढता येत नाही. आजपासून घरातल्या सगळ्या बादल्या झाकलेल्या.

उद्यापासून पुन्हा कोरडी परात.

५ जुलै, शनिवार

कोरड्या परातीत यायला मिरीला चार दिवस लागले. पाण्यापर्यंत पोचायला अजून एक. पहिल्यापेक्षा लवकर झालं हे, मला एवढं अपेक्षित नव्हतं.

मंगळवारी पहिली लस झाली, मानेवरचं औषधही मिळालं. वजन ८०० ग्रॅम. दोन-तीन दिवसांतच फणीला पिसू लागेनाशी झाली. ओल्या फणीला ती आता अंग चोरत नाही. मी आधी फणीवरचा थेंब परातीत पाडते, ती त्या थेंबावर पंजा मारते, मग पाठीवरून फिरवते.

लेकीने विचारलं, मांजरं पाण्याला भितात का? मी सांगितलं, आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज रानमांजरं, आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली. नदीत उतरायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नसणार. त्यात केस भिजले की पाणी आतल्या मऊ लवीत मुरतं, अंग जड होतं, ते वाळायलाही वेळ लागतो. पण सगळी मार्जारं तशी नसतात. आपल्याच देशात सुंदरबनात, ओडिशाच्या चिल्का सरोवराच्या काठी मासेमार मांजर आहे, पाण्यात शिरून मासे धरतं. पश्चिम बंगालचा तो राज्यप्राणी. हे ऐकल्यापासून लेक मिरीला "बंगालीबाई" म्हणते.

१४ जुलै, सोमवार

दिवसभर धो धो. पडवीच्या पागोळ्या एकसारख्या गळत होत्या. परात मी पागोळीखाली सरकवली आणि बाजूला निवडायला मेथी घेऊन बसले.

मिरी आली. पागोळीचा थेंब परातीत पडला की पाणी उसळायचं आणि ती त्या उसळीवर झेपावायची. थेंब कुठून येतोय हे तिला आज पहिल्यांदा उमगलं असावं. मान वर केली, कौलाच्या टोकाला लोंबणारा थेंब हेरला, तो सुटायच्या आत मागच्या पायांवर उभी राहिली. थेंब नाकावर! शिंक आली. पुन्हा उभी. पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

दहा मिनिटांनी स्वतःच बाहेर आली. जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पोट आणि पंजे टिपले, चुलीजवळ बसवलं. पंजे पुसणं महत्त्वाचं, ती चाटणार असते. फरशी फिनेलने पुसणंही बंद केलंय, मांजरांना ते बाधतं. नुसत्या गरम पाण्याने पुसते.

२२ जुलै, मंगळवार

चार वर्षं झाली. सकाळपासून घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण हे दोनदा उठून गॅलरीतून नदीकडच्या बाजूला बघून आले.

दुपारी मी टोपली काढली. गेले आठ दिवस मिरी तिच्यातच झोपते, तिची चादरही तीच असते. न्हाणीघरात बोटभर पाणी साठवलं, टोपली त्यात ठेवली. वेताच्या फटींतून पाणी आत आलं, चादर भिजली. मी हात टोपलीवर ठेवला, दाबला नाही.

मिरी उठली. एक पंजा उचलला, झटकला. माझ्याकडे बघून एकदा म्याऊं केलं. मग दुसरा पंजा खाली टेकवून चादरीतून वर येणारा बुडबुडा दाबून बघितला. मी टोपली उचलून छातीशी धरली. पाणी माझ्या साडीवर गळत होतं, ती आत उभी होती. पडवीत जाऊन परत आले, मग पुन्हा एकदा गेले. ती टोपलीच्या काठावर हनुवटी टेकून बाहेर बघत होती.

हे दारात उभे होते. हातावरचा सोनीचा ओरखडा अजून पांढरा दिसतो. त्यांनी तोच हात पुढे करून मिरीचे कान पुसले.

संध्याकाळी पाऊस वाढला. मी दिवा लावत होते, तेवढ्यात पडवीतून टणटण आवाज आला. जाऊन बघितलं, आईंनी परात पागोळीखाली मांडली होती आणि चेंडू आत सोडून त्या पाटावर बसल्या होत्या.