तेऱ्याच्या पानात काय असतं, पातेल्यात काय उरतं

पाऊस लागला की गोव्यात विहिरीच्या कडेला, पाटाच्या काठाने तेरं, म्हणजे रानातलं अळू, उगवतं. बाजारात जुड्या दिसू लागतात आणि मोबाइलवर मेसेज फिरतात: अळू रक्त वाढवतं, साखर उतरवतं, कर्करोगावर चालतं. हे दावे बहुतेक कच्च्या पानाच्या आकड्यांवर किंवा प्रयोगशाळेतल्या अर्कावर उभे असतात. कच्चं पान तर कुणी खात नाही, खाऊही नये.

100 ग्रॅम कच्च्या पानांत साधारण 5 ग्रॅम प्रथिनं, 52 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 107 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सव्वादोन मिलिग्रॅम लोह असतं. वाफवलेल्या पानांत तेवढ्याच वजनाला प्रथिनं पावणेतीन ग्रॅम आणि क जीवनसत्त्व 35 मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. कॅल्शियम कागदावर बरं दिसतं, पण त्यातलं पुष्कळसं पानातल्याच ऑक्झलेट नावाच्या क्षाराला जखडलेलं असल्यामुळे अंगी लागत नाही. हाडांसाठी अळू खाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. बीटा-कॅरोटिनची गोष्ट निराळी. ते शिजवण्यात बऱ्यापैकी टिकतं, फक्त शोषलं जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. आपल्या भाजीत खोबऱ्याचं वाटण असतंच.

आता खाज. पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. चावताना त्या जिभेत, घशात रुततात. याशिवाय पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट वेगळं असतं. उकळून पाणी टाकलं की हे दुसरं बरंचसं निघून जातं, सुया मात्र जात नाहीत. त्यांचा जाच कमी व्हायला पान पुरतं शिजावंच लागतं.

पाव किलो तेऱ्यासाठी हाताला खोबरेल चोळून देठांची साल ओढून काढा. चिरलेली भाजी दीड लिटर उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. मग नव्या पाण्यात फणसाच्या बिया घालून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. देठ पळीने दाबला की मोडला पाहिजे. आंबाडे (आंबट फळं) किंवा भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं त्यानंतर, शेवटच्या दहा मिनिटांत. आंबट आधी पडलं तर देठ लवकर मऊ होत नाही, भाजी शिजल्यासारखी दिसते आणि घसा धरते. आंबटाने सुया विरघळतात म्हणतात, ते खरं नाही. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळायला सोलांपेक्षा फार तीव्र आम्ल लागतं.

पाणी टाकताना क जीवनसत्त्व, फोलेट आणि पोटॅशियमही जातं. मुतखडा होऊन गेलेल्या माणसासाठी हा सौदा चांगलाच आहे. त्याने भाजीबरोबर वाटीभर दहीही घ्यावं, दह्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवतं. अळूवडीला ही सोय नाही. वाफवताना काहीच निथळून जात नाही, म्हणून मुतखडेवाल्यांनी वडी एखाददुसरीच खावी.

माडी म्हणजे अळूचा कंद; तिचा हिशेब पिठूळ कंदाचा. 100 ग्रॅम शिजलेल्या माडीत सुमारे 140 कॅलरी, 35 ग्रॅम कर्बोदकं, 5 ग्रॅम तंतू. स्टार्चचे कण फार बारीक, त्यामुळे पचायला हलकी. मधुमेह असेल तर खतखत्यातली (मिश्र भाज्यांच्या रश्श्यातली) माडी भाजीत नव्हे, भातात मोजायची.

औषधी म्हणून ज्यांची नावं घेतली जातात ती द्रव्यं खरोखर आहेत: पानात ओरिएंटिन, व्हायटेक्सिन, ल्युटिओलिनची संयुगं, जांभळ्या देठात अँथोसायनिन, जे उकळताना पाण्यात उतरतं, कंदात टॅरिन नावाचं प्रथिन. त्यांचे परिणाम मुख्यतः पेशींवर आणि उंदरांवर पाहिले गेलेत, तेही वेगळे काढलेले अर्क वापरून. त्यावरून ताटातल्या वाटीभर भाजीची मात्रा ठरवता येत नाही. पानांचा कच्चा रस काढून पिणं तर निव्वळ आगाऊपणा; घसा सुजला तर श्वासावर बेतू शकतं.

पानात के जीवनसत्त्वही भरपूर असतं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर चतुर्थीच्या दिवसांत अचानक रोज तेरं खाऊ नये, कारण गोळीचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी माडीतल्या पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं.