बांबर्डेच्या राईत: आधी माद्या मोजा

सावंतवाडीहून बांद्यामार्गे दोडामार्ग तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना काजू, रबर आणि पोफळी. हेवाळे-बांबर्डेची राई त्यातच दडलेली. क्षेत्र जेमतेम 2.59 हेक्टर, 2021 मध्ये ते जैवविविधता वारसास्थळ जाहीर झालं. देवाची म्हणून राखली गेली, नाहीतर बारमाही पाण्याची सपाट जागा कोकणात बागायतीतून सुटते कुठे!

आत चिखलातून गुडघे वर काढावेत तशी मुळं आलेली आहेत. पाणथळ मातीत प्राणवायू मिळत नाही, तो ही मुळं हवेतून घेतात. त्यांच्यावर पाय देऊ नका. वरच्या उतारावरचा गाळ येऊन ती गाडली गेली, की उभं झाड वाळतं.

झाडं रानजायफळाची, मिरिस्टिका मॅग्निफिका. यात नर वेगळा, मादी वेगळी. खाली पडलेलं फूल नखाने उभं चिरा: मधोमध केसरांची जुळलेली दांडी असेल तर नर, फुगीर बीजांडकोश असेल तर मादी. हे कळलं की पुढचं गणित सोपं. नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले एकूण झाडं. समजा 20 नर आणि 5 माद्या आहेत, तर उत्तर 16. म्हणजे मोजायला झाडं 25, पण जनुकीय विविधता टिकवण्याच्या हिशेबात 16च.

राईसाठी रोपं करताना रोपवाटिकेत चुकतं ते इथेच. भरपूर फळणाऱ्या एकाच मादीखालचं बी गोळा होतं आणि हजार रोपं झाली तरी सगळी भावंडंच. वनखात्याची आणि गावच्या जैवविविधता समितीची परवानगी घेऊन प्रत्येक मादीकडून सारखंच बी घ्या, पिशवीवर झाडाचा क्रमांक लिहा, आणि बरंचसं बी धनेशांसाठी खालीच राहू द्या. हे बी सुकलं की मरतं. डब्यात साठवणं, गोठवणं चालत नाही. ओल्या पालापाचोळ्यात गुंडाळून आणा, पत्री, म्हणजे बियावरचं आवरण, सोलून काढा आणि लगेच ओलसर वाळूत, सावलीत आडवं पेरा. ऊन लागलं तर फुकट. लावताना एका आईची रोपं शेजारी-शेजारी नकोत.

बागायतदार विचारतात, जायफळासारखी मादीची कलमं का नाही करत? बागेला ती उत्तमच, परागीकरणापुरते थोडेच नर पोसावे लागतात. राईत मात्र प्रत्येक कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल, आणि नर उरले नाहीत तर पुढच्या पिढीचं बीच धरायचं नाही.